पानातलं पान

जूनचा पहिला आठवडा. दादर स्टेशनच्या पश्चिमेला, फुलबाजाराच्या वाटेवर, सकाळी सातलाच फूटपाथवर निळं प्लास्टिक अंथरून मावशी बसलेली असते. सफाळ्याहून पहाटेच्या गाडीने आलेली. पुढ्यात शेवळांच्या जुड्या, जांभळट तपकिरी आवरणात गुंडाळलेले वीतभर कोंब. बाजूला आवळ्याहून लहान, हिरवी, कडक काकडं. मी शेवळं उचलली की ती स्वतःहूनच मूठभर काकडं पिशवीत टाकते. "काकडं घे ताय, नायतर घसा खाजल."

या एका वाक्यात जंगलातल्या भाजीचं सगळं शास्त्र आहे. शेवळात खाजरेपणा आहे, तो मारायला काकडाचा आंबटपणा लागतो आणि दोन्ही एकाच मोसमात रानात येतात. घरी नेलं की वरचं आवरण काढायचं, आतला पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा, उरलेलं बारीक चिरायचं, काकडं ठेचून त्यांच्या रसात शिजवायचं. हाताला खाज सुटू नये म्हणून आधी तेल चोळायचं. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत त्यात सोडे किंवा कोलंबी पडते. ज्यांच्या घरी हे होत नाही त्यांनी शेवळं एकदा कच्ची ठेवून खाल्ली, तर पुन्हा आयुष्यात ती उचलणार नाहीत.

मी आहारावर लिहिते, त्यामुळे मैत्रिणी प्रश्न विचारतात. गेली दोन-तीन वर्षं एक प्रश्न वारंवार येतो: नेटलचा चहा चांगला असतो का? रक्त वाढतं, केस गळायचे थांबतात, सांधे सुटतात, हाडं मजबूत होतात असं ऐकलंय. डबा मागवू का? प्रश्न विचारणाऱ्या बायका चाळिशी-पन्नाशीच्या आहेत. त्यांना एखादा आजार बरा करायचा नाही. पुढची तीस वर्षं धडधाकट जगायचं आहे. ही इच्छा अगदी रास्त आहे, म्हणून या प्रश्नाचा नीट आढावा घ्यावा असं वाटलं. वनस्पतीने माणसाचं दीर्घकाळ पोषण होतं का? होत असेल तर कोणत्या रूपात? आणि गिरगाव-परळ-लालबाग-दादरमध्ये राहणाऱ्या माणसाला त्यासाठी कुठे बघावं लागेल?

नेटल म्हणजे काय

नेटल ही थंड हवेत उगवणारी वनस्पती. युरोपात ती कुंपणाकुंपणाशी सापडते, आपल्याकडे हिमालयात. गढवालमध्ये तिला कंडाली म्हणतात, कुमाऊंत सिसूण, नेपाळात सिस्नू, आणि हिंदीत सरसकट बिच्छू घास. पानांवर आणि देठावर काचेसारखे ठिसूळ, पोकळ केस असतात. हात लागला की टोक तुटतं आणि केस सुईसारखा कातडीत घुसून आतला द्रव सोडतो. त्यात हिस्टामिन, असिटिलकोलिन, सेरोटोनिन असे दाह करणारे पदार्थ असतात. उकळत्या पाण्यात टाकलं किंवा वाळवलं की हा डंख संपतो. म्हणून पहाडात चिमट्याने पाला तोडतात आणि कंडालीचा साग शिजवतात. तिबेटी योगी मिलारेपा वर्षानुवर्षं नेटल खाऊन राहिला आणि त्याची कांती हिरवी झाली, अशी आख्यायिकाच आहे.

सह्याद्रीत या कुळातल्या चुलत बहिणी आहेत. आग्या या नावाने आपल्याकडे दोन-तीन वेगवेगळी आग लावणारी झाडं ओळखली जातात. गिर्यारोहकांना त्यांची चांगलीच ओळख असते. खाजकुइली मात्र वेगळी, ती शेंगेच्या वेलाची. नेटल म्हणून विकलं जातं ते झाड मुंबईच्या आसपास उगवत नाही.

आता दावे. अमेरिकेतल्या वनौषधी सांगणाऱ्या सुझन वीड यांनी ‘पोषक काढा’ ही कल्पना लोकप्रिय केली. सुमारे तीस ग्रॅम वाळलेला पाला लिटरभर उकळत्या पाण्यात टाकायचा, झाकून चार तासांपासून रात्रभर ठेवायचा, गाळून दिवसभर प्यायचा. कल्पनेचा गाभा असा की औषध दुखण्यावर घेतात, पोषण रोज घेतात, आणि काही वनस्पती या दुसऱ्या प्रकारच्या असतात. ही विभागणी मला पटते. आपल्याकडे ‘पथ्य’ आणि ‘औषध’ हे दोन शब्द वेगळे आहेत, ते याच कारणाने.

पोषणाचे आकडेही चांगले आहेत. अमेरिकन सरकारच्या अन्नतक्त्यानुसार उकळून काढलेल्या शंभर ग्रॅम नेटलमध्ये ४८१ मिलिग्रॅम कॅल्शियम, जवळपास सात ग्रॅम तंतू आणि सुमारे ५०० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असतं. लोह मात्र १.६४ मिलिग्रॅम, म्हणजे ज्या लोहासाठी बायका नेटल मागवतात ते फारसं नाहीच. शिवाय हे आकडे भाजी म्हणून खाल्लेल्या पाल्याचे आहेत. काढ्यात पाण्यात उतरेल तेवढंच येतं. तंतू आणि कॅरोटीन चोथ्यात राहतं, आणि चोथा आपण फेकतो.

औषध म्हणून पुरावा कसा आहे? नेटलच्या मुळाचा उपयोग वय झालेल्या पुरुषांच्या प्रोस्टेटच्या वाढीतल्या लघवीच्या त्रासावर होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वनौषधींच्या ग्रंथात त्याची नोंद आहे. पण ते मूळ, आणि डब्यात असतो पाला. पाल्याबद्दल २००० साली इंग्लंडमध्ये एक लहानसा प्रयोग झाला. अंगठ्याच्या सांध्याच्या दुखण्यावर ताज्या पाल्याचा डंख लावून पाहिला, २७ रुग्णांवर, आणि दुखणं कमी झालं. रक्तातली साखर, ऍलर्जी यांवरचे प्रयोगही लहान आहेत. वर्षानुवर्षं नेटल पिणाऱ्या माणसाचं आयुष्य किंवा हाडं सुधारतात, असं ठामपणे म्हणता येईल एवढा पुरावा या प्रयोगांतून मिळत नाही. नेटल वाईट नाही. ती एक उत्तम पालेभाजी आहे, दूरच्या थंड देशाची.

परळमध्ये सापडलेलं पानाचं गुपित

पालेभाजीने रक्त वाढतं, हे आपल्या आज्या सांगत. ते कसं वाढतं याच्या शोधाची वाट मात्र परळमधून गेली आहे, आणि परळच्या लोकांनाही हे फारसं माहीत नसतं.

१९२८ साली लूसी विल्स ही चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना गरोदरपणात एक भयानक रक्तक्षय होत होता. तांबड्या पेशी कमी होत, पण उरलेल्या नेहमीपेक्षा मोठ्या असत. बाळंतपणात बायका दगावत. मातांच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी विल्स यांना बोलावून घेतलं होतं. विल्स यांची प्रयोगशाळा होती हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. १८९९ साली प्लेगच्या लशीचं काम जिथे हलवलं गेलं, तोच परळचा जुना गव्हर्न्मेंट हाऊस.

विल्स आधी बायकांच्या ताटात डोकावल्या. डॉ. तळपदे यांच्यासोबत त्यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायकांचा आहार आणि राहणीमान तपासलं. ज्यांचं जेवण सर्वांत तुटपुंजं, त्या गरीब मुसलमान बायकांत हा रक्तक्षय सर्वांत जास्त होता. मग तसाच आहार उंदरांना दिला, तेव्हा उंदीरही आजारी पडले. त्या काळी दुसऱ्या प्रकारच्या रक्तक्षयावर यकृताचा शुद्ध अर्क चालत असे, तो इथे उपयोगी पडेना. यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त, काळपट, खारट अर्क मात्र चालला. बायका उठून बसल्या. १९३१ साली हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले, आणि त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

दहा वर्षांनी, १९४१ साली, टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक आटवून तो पदार्थ वेगळा केला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचं नाव पडलं फोलिक ऍसिड. पुढे तो प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या गटाचे प्रमुख होते आंध्रातून तिकडे गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. आज प्रत्येक गरोदर बाईला दिल्या जाणाऱ्या गोळीत जे असतं ते हेच, आणि त्याच्या नावातच पान आहे.

मला या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती विल्स यांची पद्धत. त्यांनी आधी बाईच्या ताटात काय नाही ते पाहिलं, आणि नंतर बाटलीत काय भरता येईल ते. आज आपण उलट करतो. ताटाकडे न बघता डबा मागवतो.

खाज, कडूपणा आणि आंबट

आपल्या बाजारातली पानं कोणती? माठ, लाल माठ, राजगिरा, मेथी, पालक, शेपू, चवळई, अंबाडी, अळू बारा महिने. पावसाच्या पहिल्या सरींनंतर टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कवळा, घोळ, शेवग्याचा पाला, कोरळ. दादरला रानडे रोडच्या कडेला आणि प्लाझाच्या बाजूच्या भाजीबाजारात, ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत, लालबागच्या मंडईच्या तोंडाशी, गिरगावात गल्लीच्या कोपऱ्यावर या भाज्या वाट्याने किंवा जुडीने मिळतात. तराजू क्वचितच असतो.

नेटलसारखाच यांतल्या बऱ्याच पानांचा काहीतरी अंगभूत बचाव असतो. अळूत आणि शेवळात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा धरतो तो त्यामुळे. म्हणून अळूच्या फदफद्यात चिंच, आंबट चुका किंवा कोकम हवंच, आणि अळू पुरतं शिजायला हवं. टाकळा जून झाला की कडू आणि रेचक होतो, म्हणून फक्त कोवळी पानं खुडायची. भारंगी कडू असते, म्हणून ती उकळून, पिळून, मग मूगडाळीबरोबर फोडणीला टाकायची. ओलं खोबरं पुष्कळ घालायचं.

या कृतींत शास्त्र आहे, पण एक हिशोबही आहे. फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने कमी होतं. उकळलेलं पाणी फेकलं की बरंचसं फोलेट मोरीत जातं. भारंगीसाठी हा तोटा सोसावा लागतो. माठ, चवळई, मेथी, शेवग्याच्या पाल्यासाठी मात्र कारणच नाही. ती झाकून, कमी पाण्यात, थोडा वेळ शिजवावी. तेलाची फोडणी आणि खोबरं हे चवीपुरते नाहीत. पानातलं कॅरोटीन तेलातूनच अंगी लागतं. लसूण-मिरचीची फोडणी, वरून खोबरं, जेवताना लिंबाची फोड. आपल्या पानाची ही मांडणी पोषणशास्त्र जन्माला येण्याआधीची आहे.

आणि सणांनी ही भाजी वर्षात नेमून ठेवली आहे. सिंधुदुर्गातून गिरणगावात आलेल्या घरांत गोकुळाष्टमीला शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी आणि आंबोळ्या होतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाशिवाय उगवलेल्या भाज्या एकत्र करून ऋषीची भाजी होते, अळू-लाल माठ-भोपळा-सुरण-कणीस सगळं एका पातेल्यात. गौरी येतात तेव्हाही भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. गणपतीच्या धामधुमीत लालबाग-गिरगावच्या चाळींत गोडाधोडाचा पूर वाहतो, त्याच्या मधोमध एक दिवस पानांचा ठेवलेला आहे.

आकड्यांतलं आणि अंगी लागणारं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नतक्त्यांनुसार, शंभर ग्रॅम कच्च्या शेवग्याच्या पाल्यात साधारण ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅम लोह असतं. हिरव्या माठात त्याच्याच आसपास, कॅल्शियम सुमारे ३३० आणि लोह साडेचारच्या थोडं वर. पालकात लोह तीनच्या आत आणि कॅल्शियम शंभरच्याही खाली. म्हणजे लोहाच्या बाबतीत वीस-तीस रुपयांची माठाची जुडी नेटलपेक्षा सरस ठरते, आणि कॅल्शियममध्ये फार मागे नाही.

पण तक्त्यातला आकडा आणि अंगी लागणारं यात फरक असतो, आणि इथेच प्रचार करणाऱ्यांची गल्लत होते. १९८८ साली अमेरिकेत मोजलं गेलं तेव्हा पालकातलं कॅल्शियम जेमतेम पाच टक्के शोषलं गेलं, दुधातलं पाव हिश्श्याहून जास्त. कारण पालकातलं ऑक्झॅलेट त्याला धरून ठेवतं. मेथी, मुळ्याचा पाला यांत ऑक्झॅलेट कमी असतं, म्हणून हाडांसाठी पालकापेक्षा त्यांच्यावर भर द्यावा. लोहाचंही तसंच. वनस्पतीतलं लोह कमी शोषलं जातं. लिंबू, आवळा, कोकम, पेरू यांतल्या आंबटाने आणि क जीवनसत्त्वाने ते वाढतं, जेवणाबरोबरच्या चहाने निम्म्याहून जास्त घटतं. दुपारी जेवण आटोपलं की लगेच चहा टाकायची आपल्या घरांतली सवय पालेभाजीवर पाणी फिरवते. चहा तासाभराने घ्यावा, एवढा साधा बदल पुष्कळ काम करतो.

आणि एक गोष्ट पानात मुळीच नसते: बी-१२. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००८ साली दाखवलं की ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची खूण जास्त दिसते. म्हणून शाकाहारी घरात पालेभाजीबरोबर दूध-दही हवंच, आणि रक्तक्षय असेल तर फोलेट आणि बी-१२ दोन्हींची तपासणी हवी. ‘फक्त हिरवं खा’ हा सल्ला अपुरा आहे.

खाऊच्या डब्यातला प्रयोग

पालेभाजीने दीर्घकाळ फरक पडतो का, याचं सर्वांत चांगलं उत्तर मुंबईनेच दिलं आहे. २००६ ते २०१२ या काळात वांद्रे ते अंधेरीच्या पट्ट्यातल्या वस्त्यांत ‘सरस’ नावाचा एक मोठा प्रयोग झाला. डॉ. रमेश पोतदार आणि ब्रिटनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या गटाने साडेसहा हजारांवर स्त्रियांना, त्या गरोदर राहण्याच्या आधीपासून, रोज एक खाऊ दिला. अर्ध्या बायकांच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या कमी सूक्ष्मपोषक भाज्या. खाऊ केंद्रावर येऊन, कार्यकर्तीसमोर खायचा, घरच्या जेवणाशिवाय वरचा म्हणून.

२०१४ साली निकाल आला. सर्व बायका एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. पण ज्यांनी गरोदरपणाच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं. पुढे दिसलं की पालेभाजीच्या गटात गरोदरपणातला मधुमेह सुमारे सात टक्के बायकांना झाला, दुसऱ्या गटात बारा टक्क्यांहून जास्त.

या निकालाचा अर्थ मी असा लावते: पान काम करतं, पण सावकाश, आणि वेळेआधी सुरू केलं तर. दुखणं आल्यावर महिनाभर प्यायलेल्या काढ्याकडून ही अपेक्षा करता येत नाही. ४८ ग्रॅम म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. एवढ्या मोठ्या संख्येत प्रत्येकीच्या ताटात थोडंसं बदलणं, हे एखाद्या दुर्मिळ वनस्पतीच्या शोधापेक्षा मोठं काम आहे. राष्ट्रीय पोषण संस्था निरोगी माणसाला रोज ४०० ग्रॅम भाज्या, पालेभाज्यांसह, आणि १०० ग्रॅम फळं सांगते. आपापल्या घरचं ताट एकदा मोजून पाहावं.

जपायच्या जागा

जे पोसतं ते काहींना बाधतंही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पहिली जागा यकृताची. गुळवेल परळच्या केईएम रुग्णालयाने अभ्यासली आहे. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काविळीच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णांना गुळवेल देऊन प्रतिकारशक्ती टिकते का हे तपासलं होतं, रीतसर, डोस मोजून, रक्त तपासत. डहाणूकर झाडांवर मराठीतही जीव ओतून लिहीत. त्याच मुंबईत करोनाच्या काळात लोक घरोघर गुळवेलीचा काढा महिनोन्महिने पिऊ लागले, आणि २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये यकृताला इजा झालेले सहा रुग्ण इथल्या यकृततज्ज्ञांनी नोंदवले. ती नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती नेमकी ओळखलेली नाही, दिसायला सारखी दुसरी जातही असू शकते. वाद बाजूला ठेवला तरी दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगतात: डोस, काळ आणि ओळख या तीन गोष्टी माहीत नसतील तर रोजचा काढा सुरू करू नये.

ओळखीचं आणखी एक उदाहरण. टाकळ्याच्याच कुळातली कासविंदा टाकळ्यासारखीच रस्त्याच्या कडेला वाढते. तिच्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं मोठ्या संख्येने दगावली, असं २००७ मधल्या संशोधनातून पुढे आलं. रानभाजी नेहमी जाणत्या बाईकडूनच घ्यावी.

दुसरी जागा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची. माझ्या मावशीच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. तिने वर्षापूर्वी कुणाच्या सांगण्यावरून शेवग्याच्या पाल्याची भुकटी रोज दोन चमचे सुरू केली. पुढच्या तपासणीत रक्त गोठण्याचा आकडा बिघडलेला निघाला. पानांत के जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि ते या गोळ्यांच्या विरुद्ध काम करतं. डॉक्टरांनी तिला पालेभाजी बंद करायला सांगितली नाही. ‘रोज सारखीच खा, एकदम वाढवू नका, एकदम सोडू नका’ असं सांगितलं. आता ती रोज एक वाटी भाजी खाते, भुकटी बंद आहे. नेटलच्या काढ्यालाही हेच लागू. लघवीच्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

तिसरी जागा मूतखड्याची. ऑक्झॅलेटचे खडे होणाऱ्यांनी पालक आणि अळू मोजकं खावं, आणि खाल्लं तर दह्याबरोबर. आतड्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटला तिथेच धरून ठेवतं.

चौथी जागा मातीची. रेल्वेरुळांलगतच्या जमिनीवर वर्षानुवर्षं पालक-माठ पिकवला गेला आणि त्याला नाल्याचं पाणी घातल्याच्या तक्रारी झाल्या. यार्डाच्या कुंपणाशी उगवलेला टाकळा कितीही हिरवागार दिसला तरी तिथली धूळ आणि तेल त्याच्या अंगावर असतं. पान मातीतलं सगळंच शोषून घेतं, चांगलंही आणि वाईटही.

मावशी येते कुठून

ही भाजी दादरला पोचवणाऱ्या बायका पालघर, डहाणू, वसई, कर्जत, कसाऱ्याकडच्या. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी. आदल्या दिवशी रान पालथं घालायचं, रात्री जुड्या बांधायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून पहाटेच्या लोकलच्या डब्यात बसायचं, आणि दुपारपर्यंत विकून परत. कोणतं पान कधी कोवळं असतं, कशाबरोबर कशाची खाज जाते, कुठल्या टेकडीला काय येतं, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. कृषी विभाग ऑगस्टमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, ते चांगलं आहे. पण महोत्सव वर्षातून एकदा, मावशी रोज. फूटपाथवर तिला बसायला जागा, पाणी, स्वच्छतागृह नसेल, तर तिच्या मुली हा धंदा करणार नाहीत, आणि मग आपल्याला पानंही मिळणार नाहीत आणि काकडं टाकायची आठवणही. डब्यातल्या नेटलवर आपण जेवढे पैसे घालतो, त्यात मावशीकडून पावसाळाभर रोज भाजी घेता येईल. तिच्याशी घासाघीस करू नये, असं मी मनापासून सांगते.

आपलं उत्तर

तर मैत्रिणींच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. नेटल मिळाली, आवडली, आणि गोळ्या चालू नसतील, तर पिण्यात काही गैर नाही. पण आरोग्याची गुंतवणूक तिच्यावर करू नये. आठवड्यात पाच दिवस शिजवलेली वाटीभर पालेभाजी, दर वेळी वेगळी; तिच्याबरोबर डाळ किंवा मासे किंवा दही; लिंबाची फोड; चहा तासाभराने. पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कुर्डू, शेवगा. थकवा, धाप, पाळीत जास्त रक्त जाणं असेल, तर आधी रक्ताची तपासणी, मग भाजी आणि गोळी दोन्ही. हे सगळं तिशीत सुरू झालं तर पन्नाशीत त्याचा उपयोग होतो.

१९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. लालबागच्या आमच्या खोलीत त्या पावसाळ्यात पैसा नव्हता. आईने गावाकडच्या शेजारणींबरोबर टाकळा आणायला सुरुवात केली. डोंगरीच्या मामांकडून येताना भायखळ्याच्या बाजारातून ती जास्तीचा माठही आणी, संध्याकाळी उरलेला, स्वस्त. रोज ताटात कुठली तरी हिरवी भाजी असायची, तांदळाच्या भाकरीबरोबर, आणि लिंबू नसेल तेव्हा कोकमाचं पाणी. मी कंटाळून रडायचे. ती एवढंच म्हणायची, "पानात पान असूक व्हया."

ती आता ऐंशीच्या पुढे आहे. चाळीचे तीन जिने अजून चढते. तिच्या तब्येतीचं श्रेय फक्त भाजीला देणं बरोबर होणार नाही. पण गेल्या रविवारी मी दादरहून शेवळं घेऊन गेले, तेव्हा तिने पिशवी उघडून आधी काकडं आहेत ना ते पाहिलं, मग हाताला तेल चोळून सोलायला बसली.